गाडी गेली, एर्सिलियासकट

कास्तेल्लामारे, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि शेवटी कुणीतरी एक आदळून ठेवतो. आई म्हणायची तेच खरं, ही दोन भावंडं कागदावरच शहाणी. म्हणून लिहायला बसले.

नुन्झियाताची गाडी गेली. समोरच्या जिन्यातली नुन्झियाता रे, जिचा नवरा बोटीवर असतो. रविवारी चर्चच्या दारात गाडी लावून आत गेली, मिस्सा संपवून बाहेर आली तर त्या जागी दुसऱ्याच कुणाची गाडी उभी. म्हणजे चोरीला गेली ती गेली, वर जागासुद्धा गेली. तिला रडावं की भांडावं कळेना, शेवटी तिनं दोन्ही केलं. गेल्या महिन्यात औषधवाल्याची गेली होती. आता गल्लीत जुना असा माझाच लाल खटारा उरला आहे, आणि चोरांना म्हणे असले खटारेच आवडतात. सुटे भाग लगेच खपतात.

दादा, गाडी गेली तर माझे पायच गेले. नर्सची नोकरी सुटली तरी सुई काही सुटलेली नाही. डोंगरावरच्या सगळ्या म्हाताऱ्या माझीच वाट बघत असतात, दुसऱ्या कुणाला टोचू देत नाहीत. आणि कागदावर गाडी तुझ्या नावाची. इकडच्या विम्याचा आकडा ऐकून माणूस गाडीआधीच आडवा होतो, म्हणून तर निम्म्या गल्लीच्या गाड्या कुणाच्या ना कुणाच्या उत्तरेतल्या भावाच्या नावावर आहेत. तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा बसवायचा नाही असं मी ठरवलंय.

गाड्यांची विजेची कामं करणारा एक कातेल्लो आहे, झऱ्यांच्या फाटकाजवळ त्याचं दुकान. त्याच्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, चोराला थांबवता येत नाही, फक्त कंटाळा आणता येतो. स्टिअरिंगला लोखंडी दांडा लावला तर थोडा कंटाळतो. भोंगा बसवला तर आणखी. पेट्रोल तोडणारं छुपं बटण बसवलं तर बराच. आणि ट्रॅकर बसवला तर चोर कंटाळत नाही, पण तो कुठं गेला ते निदान आपल्याला कळतं. काय बसवू ते सांग.

माणूस चांगला आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. काम करताना गुणगुणतो, पण सुरात.

तुझी,
एर्सिलिया

तोरिनो, २० फेब्रुवारी

एर्सी,

पत्र पोचलं. आधी मला सांग, हा कुठला कातेल्लो? गावच्या संताचं नाव कातेल्लो, म्हणून निम्म्या गावाचं नाव कातेल्लो. आपल्याकडे डोळे मिटून दगड मारला तरी तो एखाद्या कातेल्लोलाच लागतो. बापाचं नाव काय, आई कुणाकडची, काही कळवायची पद्धत आहे की नाही?

मी इथं कारखान्यात उभा जन्म गाड्या जोडण्यात घालवला. मला गाडीतलं शिकवू नकोस. गाडीची वीज जाणणारा माणूस म्हणजे चोराचा शिकलेला भाऊ. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, उगाच नाही म्हणत. आज तो भोंगा बसवणार, उद्या त्याला तो भोंगा कुठून गप्प करायचा ते माहीत, परवा गाडी गायब. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?

पण गावात दुसरा कारागीर नसेल तर नाइलाज. दांडा बसव, भोंगा बसव, बटण बसव, ट्रॅकरही बसव. नाकापेक्षा मोती जड झाला तरी चालेल. ट्रॅकर मात्र माझ्या फोनला जोडायचा, त्याच्या नाही आणि तुझ्याही नाही. तू फोन भाजीच्या पिशवीत ठेवतेस. गाडी माझ्या नावाची आहे तेव्हा तिच्यावर नजर माझी राहील. एरवीही मी घरी बसूनच असतो, त्यात काय.

तो गुणगुणतो हे मला कशाला कळवलंस? आणि सुरात गुणगुणणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नकोस.

दादा

कास्तेल्लामारे, ९ मार्च

प्रिय दादा,

दांडा बसला, भोंगा बसला, बटण बसलं. ऐक आता काय काय झालं ते.

भोंग्याचं आधी. बँडमास्तर वारले, देव त्यांचं भलं करो. शनिवारी त्यांची अंत्ययात्रा आपल्या गल्लीतून निघाली. पुढं पाद्रीबाबा, मागं शवपेटी, त्यामागं मास्तरांचा अख्खा बँड, वाद्यं हातात घेऊन गप्प. चौकात पोचल्यावर वाजवायचं असं ठरलेलं. तेवढ्यात नुन्झियाताच्या बोक्यानं माझ्या गाडीच्या टपावर उडी मारली आणि भोंगा सुटला. तो काय आवाज होता दादा, वरच्या मजल्यावरच्या बायका कानांवर उशा दाबून बाल्कनीत आल्या. बँडवाल्यांना वाटलं हीच खूण, त्यांनी भोंग्याचाच सूर पकडून वाजवायला सुरुवात केली. आता सगळे म्हणतात की मास्तरांच्या बँडनं इतकं झकास कधी वाजवलं नव्हतं. मास्तरांच्या बायकोनं मला दारात येऊन धन्यवाद दिले.

मग बटण. कातेल्लोनं ते इतकं छान लपवलं की मला दोन दिवसांत त्याचा विसर पडला. ग्रान्यानो गावाच्या वर शेवटच्या वळणावर गाडी ठप्प. डिकीत म्हाताऱ्या दोन्ना ओलिंपियाचं इंजेक्शन, मागं कोंबड्यांचा टेम्पो पों पों करतोय, आणि मी सीटखाली डोकं घालून बटण शोधतेय. औषधापायी रोगी दगावायची वेळ. शेवटी कातेल्लोला फोन केला, तो स्कूटरवरून आला, कुठंतरी हात घातला आणि गाडी सुरू. कुठं हात घातला विचारलं तर म्हणतो, सांगितलं तर तुम्ही मला पुन्हा बोलावणार नाही.

आता तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन सगळं तपासून जातो. पैसे घेत नाही. मी कॉफी देते, कधी आपले ते तळलेले गोड गोळे, आई करायची ते. त्याला आवडतात.

ट्रॅकरचं अजून राहिलंय. तो म्हणतो, घाई नको, विचार करून बसवू. दादा, खरं सांगू का, माझी गाडी कुठं आहे ते मला ठाऊक असलं म्हणजे पुरे नाही का रे?

तुझी,
एर्सिलिया

तोरिनो, १५ मार्च

एर्सी,

तू भाबडी ती भाबडीच राहिलीस. पुरावे एकापुढं एक मांड आणि बघ. बटण कुठं आहे ते एकट्या त्याला माहीत. तो रोज सकाळी येतो, म्हणजे तू किती वाजता निघतेस आणि किती वाजता येतेस ते त्याला पाठ. पैसे घेत नाही, म्हणजे मोठ्या घबाडावर डोळा. आणि नेमका ट्रॅकरच बसवायला त्याला घाई नको. का नको? कारण ट्रॅकर माझ्या फोनला जोडला जाणार. आता यापेक्षा स्पष्ट काय हवं? हातच्या कांकणाला आरसा लागत नाही.

आणि आईचे गोड पदार्थ त्याला कशाला? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. मला इथं पाव भिजवून खावा लागतो आणि तो चोर तिथं आपल्या आईचं गोड खातोय.

त्याला म्हणावं, ट्रॅकर राहू दे. मला काही नको. मी आता गाडीचं नावही काढणार नाही.

ईस्टरची भेट म्हणून एक पार्सल पाठवतोय. संत अंतोनींची मूर्ती आहे, हरवलेलं शोधून देणारे म्हणून. बैठक जरा जाड आहे, पण जुन्या घडणीची मूर्ती अशीच असते. काचेसमोर चिकटव आणि हलवू नकोस. पुसायचीही नाही. ओल्या फडक्यानं तर अजिबात नाही.

दादा

कास्तेल्लामारे, २ एप्रिल

प्रिय दादा,

संत अंतोनी सुखरूप पोचले. फार गोड चेहरा आहे. काचेसमोर बसवलेत, आणि तू सांगितलंस म्हणून पुसतही नाही, नाकावर धूळ बसलीय बिचाऱ्यांच्या. भेटीबद्दल तुला एक पापी.

आता जरा बसून वाच. कॉफी करून घे हवं तर.

परवा सकाळी कातेल्लो आला, बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि किती तरी वेळ वर काढेचना. मी विचारलं काय बिघडलंय. तर आतूनच म्हणाला, “काही नाही बिघडलेलं. तेच तर. गाडीला एवढे पहारेकरी बसवले, आता मला यायला निमित्त उरलं नाही. एक तर काहीतरी बिघडवावं लागेल, नाहीतर तुम्हाला विचारावं लागेल.”

मी म्हटलं, “बिघडवू नका.”

झालं, एवढंच. मग त्यानं डोकं वर काढलं ते बॉनेटवर आपटलं, आणि दोघंही इतके हसलो की नुन्झियाता खिडकीत आली.

दादा, माझा नवरा गेला तेव्हा मी ठरवलं होतं की आता सुया टोचायच्या आणि संध्याकाळी दार लावून बसायचं. अकरा वर्षं तेच केलं. आता सकाळ झाली की मला हसायला येतं, स्टोव्हवरची कॉफी उतू जाते तरी हसायला येतं. या वयात हे काय म्हणशील. मला माहीत नाही. मला आवडतंय एवढं माहीत आहे.

बाबा नाहीत. घरात मोठा तू. तू हात धरून नेलंस तरच मी वेदीपाशी जाईन, नाहीतर नाही जाणार. हे मी त्यालाही सांगितलंय. तो म्हणाला बरोबर आहे, भावाला विचारा. तेव्हा विचारतेय. हो म्हण ना.

तुझी,
एर्सिलिया

तोरिनो, १० एप्रिल

एर्सिलिया,

नाही.

माणसं गाडीची काच फोडून आत शिरतात, हा थेट लग्न करून शिरतोय. बायको घेतली की किल्ली आपोआप मिळते, भोंगा वाजायचा प्रश्नच नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आणि तूही. गावात हसं होईल, नर्सबाईला वेड लागलं म्हणतील. मी आहे ना. तुला काही लागलं तर लिही, पाठवीन. मी तोंडच बघणार नाही त्याचं.

आणि गेल्या गुरुवारी ग्रान्यानोच्या वरच्या वळणावर, जिथून खाडी दिसते तिथं, दुपारभर गाडी उभी करून काय करत होतीस? तिथं कुठली म्हातारी राहते?

साबातिनो

कास्तेल्लामारे, १९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचलं, रडले. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि रडणं थांबलं. खाली गेले, गाडीतले संत अंतोनी उचलले आणि उलटे केले.

धन्य आहे तुझी. पोटात हिरवा दिवा लुकलुकतोय. मी त्या मूर्तीपुढं रोज हात जोडत होते, तुझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करत होते, आणि संत आपले तोरिनोला चहाड्या करतायत. कातेल्लोला दाखवलं. मला वाटलं चिडेल. त्यानं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाला, जोडणी सुरेख केलीय, तुमच्या भावाचा हात चांगला आहे. एवढा तुझा चोर.

मूर्ती मी परत तिथंच ठेवलीय. तुला बघायचंय ना, बघ. आता लपवायचं नाहीच मला काही. त्या वळणावर आम्ही लिंबू खात बसलो होतो, मीठ लावून. तुला चव आठवत असेल.

आता ऐक. आपल्या आईबाबांचं लग्न कसं झालं ते विसरलास का? आजोबा नाही म्हणाले, म्हणून दोघं पळून गेले, एक रात्र मावशीच्या कोठीघरात काढली आणि सकाळी घरी येऊन दारात उभे राहिले. मग आजोबा काय करणार, पोरगी रात्रभर बाहेर राहिली म्हटल्यावर घराची अब्रू राखायला लग्न लावून द्यावंच लागलं. इथं सगळ्यांच्या आज्या असंच करून सुना झाल्या. तुझा जन्म त्याच पळापळीतून झालाय, लक्षात ठेव.

तर शनिवारी आम्ही पळून जातोय. जेवून निघू, उपाशीपोटी पळवत नाही. दक्षिणेला कुठंतरी जाऊ, रात्रीचं लॉज त्यानं बघून ठेवलंय. रविवारी परत येऊ आणि मी तुला पुन्हा विचारीन. फोन जवळ ठेव आणि ठिपका बघत बस.

तुझी पळपुटी,
एर्सिलिया

ता. क. हसं व्हायचं ते होऊ दे. हसायला कुठं पैसे पडतात?

कास्तेल्लामारे, २७ एप्रिल

दादा,

तू एक शब्द न बोलता निघून गेलास. तेव्हा काय झालं ते मीच सांगते, कारण मला वाटतं तुला अर्धंच माहीत आहे. आणि माझं १९ तारखेचं पत्र टपालात कुठं झोपलं होतं ते देव जाणे. ते तुला वेळेवर मिळालं असतं तर एवढं रामायण घडलंच नसतं.

शनिवारी आम्ही निघालो. नुन्झियातानं बाल्कनीतून तांदूळ टाकले, मी म्हटलं अगं अजून लग्न झालं नाही, तर म्हणाली पुन्हा कुठं टाकू, तुम्ही पळताय. समुद्र उजवीकडे ठेवून आम्ही निघालो. कातेल्लो गात होता, मी गात होते, मध्येच भोंगा उगाच वाजला तर त्याच्या सुरात सूर मिळवला. इतकी मजा मला लहानपणीसुद्धा आली नव्हती. एका गावी म्हशीच्या दुधाचं चीज घेतलं आणि मांडीवर ठेवूनच खाल्लं, हातातून पाणी गळतंय, सीट भिजलीय, कुणाला पर्वा.

सूर्य कलला आणि मागं पोलिसांची गाडी लागली. कातेल्लो म्हणाला, वेग तर बरोबर आहे. दोन पोलीस उतरले, कागद मागितले. गाडी कुणाची, म्हणाले. मी म्हटलं माझी. कागदावर साबातिनो लिहिलंय, म्हणाले, आणि त्या साबातिनोनं आज दुपारी तोरिनोत तक्रार दिलीय की गाडी चोरीला गेली, आणि ती कुठं आहे ते तो दर थोड्या वेळानं फोन करून कळवतोय.

मी म्हटलं साबातिनो माझा दादा. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. माझं आडनाव सासरचं, तुझं माहेरचं, सिद्ध काय करणार? तुला फोन लावला, तर आतापर्यंत पोलिसांना भंडावून सोडणाऱ्या तुझा फोन नेमका बंद. ठाण्यात नेलं. ठाणेदार मूळचे कालाब्रियाचे, पोट सुटलेले, मिश्या पांढऱ्या. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, बोका, बँड, बटण, संत. ऐकता ऐकता त्यांनी टोपी काढून ठेवली. म्हणाले, बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण मालकाशी बोलल्याशिवाय सोडता येत नाही. मग त्यांची बायको वरून वांग्याची परात घेऊन आली. सगळ्यांना पुरली. तिला सुई टोचून घ्यायची होती, ती मी टोचून दिली.

बाकावर मी आणि कातेल्लो बसलो होतो. ठाणेदार खुर्ची घेऊन आमच्यासमोर आले आणि विचारलं, “तुम्ही दोघं पळून आलाय ना? मग खरं सांगा, मी इथं बसायचं की जायचं?”

कातेल्लो लाजून लाल झाला. मी म्हटलं, बसा, साक्षीदार लागेल. ते बसले आणि लगेच घोरायला लागले.

सकाळी मी डोळे उघडले तर दारात तू. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, हातात एक लहानशी पिशवी आणि मेलेला फोन. रात्रभर आगगाडीत उभा असणार तू. मला बाकावर बघितलंस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेल्या कातेल्लोला बघितलंस, कागदावर सही केलीस. बाहेर जाऊन गाडीतले संत अंतोनी उपटलेस, काखेत घातलेस आणि चालू लागलास. मी दादा दादा करत स्टेशनपर्यंत मागं आले. तू मागं वळून पाहिलं नाहीस.

मी पोचेपर्यंत गाडी सुटली होती. फलाटावर बसून मी खूप रडले, ते तुला कळावं म्हणून लिहितेय.

पण दादा, आता रिवाज बघ. पळालो तर पळालो, पण रात्र वेगवेगळी काढायची असं आम्ही ठरवलं होतं. लॉजवर दोन खोल्या सांगून ठेवल्या होत्या, ठाणेदारांनी फोन करून खातरी केली. आम्हाला एका छपराखाली, एका बाकावर रात्र काढायला लावली ती तू. तीही सरकारी छपराखाली, गणवेशातल्या साक्षीदारासमोर, लेखी तक्रार देऊन. आपल्या गावात आजवर कुणाची इतकी पक्की पळापळ झाली नसेल. आता घराची अब्रू तुझ्या हातात.

तिसऱ्यांदा विचारत नाही. दुसऱ्यांदाच विचारतेय. येशील का?

तुझी,
एर्सिलिया

तोरिनो, ६ मे

एर्सी,

तुझं १९ तारखेचं पत्र मी परत आलो तेव्हा पेटीत पडलेलं होतं. ते वाचलं. मग आजचं हे वाचलं. मग दोन्ही पुन्हा वाचली.

शनिवारी ठिपका हलला तेव्हा मी भात शिजत टाकला होता. सालेर्नो ओलांडलं आणि मला घाम फुटला. मला वाटलं गाडी नेली आणि तुझं काही बरंवाईट करून नेली. तुला फोन लावला तर तो तुझ्या घरी भाजीच्या पिशवीत वाजत असणार. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हटलं भात बघा, आणि पोलिसांकडे धावलो. गाडी सांगितली. बहीण सांगायला तोंडच उघडेना. तिथून तसाच स्टेशनवर गेलो. गाडीत बसायला जागा नव्हती, ठिपका बघत उभा राहिलो, आणि रोमच्या अलीकडे फोन मेला. मग मला काही कळेना. पुढचा रस्ता मी स्टेशनांवरच्या पोलिसांना विचारत कसा काढला ते सांगता येणार नाही.

ठाण्याचं दार उघडलं आणि तू बाकावर बसलेली दिसलीस. केस विस्कटलेले, ओठाला चीज लागलेलं. आणि तू हसत होतीस, एर्सी. झोपेत. इतक्या वर्षांत मी तुला तसं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं असतं, आणि त्या मिशाळ ठाणेदारासमोर मला रडायचं नव्हतं. म्हणून बोललो नाही. रागावलो नव्हतो.

आता खरं ते लिहितो, एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस. मला गाडीची काळजी नव्हती. तो खटारा कुणी फुकट नेला तरी मी मेणबत्ती लावली असती. मी सकाळी उठतो, इथं घरात कुणी नसतं. कॉफी करतो आणि फोन बघतो. ठिपका हलला की म्हणतो, एर्सी निघाली. डोंगरावर थांबला की म्हणतो, दोन्ना ओलिंपियाकडे पोचली. संध्याकाळी परत गल्लीत आला की दिवा मालवतो. तू लग्न केलंस की तुला कुणीतरी असेल, आणि मग मला कोण लिहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चोर कातेल्लो नव्हता.

तेव्हा हो.

जूनच्या पहिल्या शनिवारी येतो. निळा कोट धुवायला दिलाय. हात धरून नेईन, फक्त हळू चाल, गुडघ्याचं तुला माहीत आहे. त्याला सांग, जोडणी सुरेख म्हणालास त्याबद्दल आभार, पण बैठकीतली तार आणखी बारीक हवी होती.

संत अंतोनी माझ्या शेगडीच्या वर बसलेत. पोटातलं यंत्र काढून टाकलं, फोनमधलंही पुसलं. आता तू कुठं आहेस ते मला कळायचा काही मार्ग उरलेला नाही. जिथं असशील तिथून मला कळवत जा. कळवशील ना?

दादा

दक्षिणेला एका समुद्रकाठी, ११ जून

माझ्या लाडक्या दादा,

लग्नात तू कातेल्लोच्या आत्याबरोबर नाचलास ते गल्लीत अजून सांगतायत. गुडघा कसा आहे? ती रोज विचारते म्हणे.

आता बातमी. गाडी चोरीला गेली. नाही, खरंच गेली, या वेळी मी तिच्यात नाही. काल दुपारी आम्ही पोहायला उतरलो. दांडा लावायचा राहिला, भोंगा चालू करायचा राहिला, बटण तर दोघांनाही आठवलं नाही, आणि किल्ली दारालाच लोंबत होती. हे सगळं त्या माणसाकडून, ज्यानं गावातल्या निम्म्या गाड्यांना कुलपं बसवली. मी म्हटलं, काय हे. तर तो कंबरभर पाण्यात उभा राहून म्हणाला, मला काल सकाळपासून काहीच आठवत नाहीये, फक्त तू आठवतेस.

त्याच ठाणेदारांकडे तक्रार द्यायला गेलो. त्यांनी आम्हाला दारात पाहिलं आणि आधी बायकोला हाक मारून वांगी शिजवायला सांगितली. कागद तू आता माझ्या नावाचे करून दिलेस, त्यामुळे या वेळी माझं नाव बरोबर जुळलं. ते म्हणाले सापडणार नाही. आम्ही म्हटलं नाही तर नाही. डोंगरावर मी स्कूटरच्या मागं बसून जाईन, सुयांची पेटी मांडीवर.

तू काळजी करशील म्हणून आधी हे लिहून टाकते. मी आत्ता बसच्या थांब्यावरच्या बाकावर बसलेय. ओला टॉवेल डोक्याला गुंडाळलाय, मांडीवर अर्धा किलो चेरी आहे, शेजारी कातेल्लो बिया किती लांब थुंकता येतात ते बघतोय. समोर समुद्र आहे. बस कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. मी इथं आहे, दादा. अगदी मजेत आहे.

तुझी,
एर्सी